वाढ थांबली तर काय?

अभिनंदन दोन वाक्यांत उरकलं. "पदवी मिळाली, छान झालं. आईवडिलांचे आभार घरी गेल्यावर माना, इथे माझ्याकडे वेळ कमी आहे," असं म्हणून प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या निवृत्त वैमानिक कॅप्टनसाहेबांनी हातातला टाइप केलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. मावळातल्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दीक्षान्त समारंभात पुढचा बराच वेळ स्नातकांच्या वाट्याला आली ती विमान कंपन्यांची ज्येष्ठता यादी. वेळ कमी असल्याची आठवण नंतर कोणालाच राहिली नाही. पाहुण्यांना तर नाहीच.

निमित्त प्राचार्यांनीच दिलं होतं. यंदाच्या तुकडीतली काही मुलंमुली वैमानिक प्रशिक्षणाला अर्ज करत आहेत, घाटाखाली नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत, तेव्हा मावळच्या तरुणांना आकाश मोकळं झालं आहे, असं प्रास्ताविकात ते म्हणाले. पाहुण्यांच्या कपाळावर आठी उमटली ती तेव्हाच.

संधी आहे हे त्यांनाही मान्य होतं. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली; त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात इंडिगोने एकदम ५०० विमानांची. एवढी विमानं येणार तर ती चालवणारेही लागणार. कॉकपिटमध्ये उजवी खुर्ची सहवैमानिकाची, डावी कॅप्टनची. मधलं अंतर हातभर, पगारातलं अंतर दुपटीहून जास्त. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण पुरतं. डाव्या खुर्चीसाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १५०० तास. पण तास भरले म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. कोणाला ती चार-पाच वर्षांत मिळते, कोणाला बारा वर्षांत, आणि हुशारीचा त्यात वाटा थोडा. "कंपनी किती वेगाने विमानं आणते यावर तुमची कमांड, म्हणजे डावी खुर्ची, ठरते. बहुतेक विमानं भाड्याची. भाडं थकलं की विमान मालकाकडे परत जातं आणि त्याच्याबरोबर तुमची बढतीही."

इथून ते थेट लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये शिरले, कारण त्यांचं लहानपण तिथलं. वडील इंजिन ड्रायव्हर. 'लोको पायलट' हे नाव पुष्कळ नंतर आलं, पण शिडी तीच होती: आधी असिस्टंट, मग शंटिंग, मग मालगाडी, मग पॅसेंजर, आणि केस पांढरे व्हायला लागले की मेल-एक्सप्रेस. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनवर सध्या कोण आहे, हा क्वार्टर्समधल्या मानापानाचा प्रश्न. कोण कोणाच्या वर आणि कोण कधी निवृत्त होणार, हे घरोघरी पाठ. यादी मुंगीच्या पावलाने सरकायची, पण सरकायची.

पगाराची रीतही त्यांनी मुलांना समजावली. ड्रायव्हरला मूळ वेतन, शिवाय चालवलेल्या किलोमीटरवर मिळणारा रनिंग अलाउन्स. घरी सगळे त्याला मायलेज म्हणत. रेल्वेने या भत्त्याचा काही भाग पगारच मानला आहे. निवृत्तिवेतनाचा हिशेब करताना मूळ वेतनात ५५ टक्के भर धरली जाते. म्हणजे माणूस गाडीवरून उतरल्यावरही गाडीचे पैसे पूर्ण बंद होत नाहीत. "आमच्याकडे चाकं जमिनीला टेकली की मीटर बंद," कॅप्टनसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदा सभागृह हसलं.

रेल्वेतल्या या सोयीही आपोआप मिळालेल्या नव्हत्या. इंजिनवरच्या कर्मचाऱ्यांनी १९७३ च्या ऑगस्टमध्ये संप केला तेव्हा सरकारने दहा तासांच्या ड्यूटीची मर्यादा तत्त्वतः मान्य केली. पुढच्याच वर्षी ८ मे रोजी जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभरातली रेल्वे थांबली आणि तीन आठवड्यांच्या आत तो संप मोडला गेला. क्वार्टर्समधले काही शेजारी बडतर्फ झाले, काही घरं रिकामी झाली. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात नोकरी गेलेल्यांना परत घेतलं गेलं. कॅप्टनसाहेबांच्या घरी दंडवत्यांचं नाव कसं घेतलं जाई, ते त्यांनी इतक्या रंगून सांगितलं की संयोजकांनी पहिली चिठ्ठी पुढे सरकवली. ती त्यांनी वाचली आणि पाण्याच्या पेल्याखाली ठेवली.

वडिलांना मुलाची नोकरी पसंत नव्हती. कर्जत ते लोणावळा हा भोर घाटाचा चढ सदतीसात एक. १८६३ मध्ये लोहमार्ग खुला झाला तेव्हापासून तो तेवढाच उभा आहे, आणि आजही जड गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. नेमणुकीचं पत्र घेऊन मुलगा घरी आला तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "तुमची कंपनी चढावर अडली तर मागून बँकर कोण लावणार?" मुलाला तेव्हा या प्रश्नाचा राग आला होता. वडील सरकारी नोकरीच्या पलीकडे पाहूच शकत नाहीत, असं त्याला वाटलं. भाषणात मात्र तोच प्रश्न थोडा साधा होऊन सारखा परत येत राहिला: वाढ थांबली तर काय?

नेमणुकीचा तो काळ नव्वदच्या दशकाचा होता. १९५३ मध्ये हवाई वाहतूक सरकारने ताब्यात घेतली, त्यानंतर चार दशकं नोकरी देणारी घरं जवळपास दोनच, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स. मग दारं उघडली. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट अशी नवी नावं आली. कॅप्टनसाहेब ज्या खासगी कंपनीत लागले तिचं नाव त्यांनी घेतलं नाही. "तिचे लेखापाल अजून जिवंत आहेत," म्हणाले. तिथली गोष्ट मात्र त्यांनी तब्येतीने सांगितली. एकाच सकाळी रुजू झालेल्या मुलांची यादी कशी लावायची, हा पेच ऑफिसातल्या कोणा कारकुनाने आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराने सोडवला. आपटे वर, वाघ तळाला. पाहुण्यांचं आडनाव तळाकडचं. कंपनी वाढत होती तोवर कोणाला काही वाटलं नाही. महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांचीच बढती होणार होती. मग विमानं यायची थांबली आणि यादी नेमकी त्यांच्या वरच्या नावाशी अडकली. बरोबर लागलेले मित्र डाव्या खुर्चीत, हे उजव्या. एका अक्षराने दोन वर्षं खाल्ली. पुढे विमानं पुन्हा आली, तेव्हा कंपनीने परदेशी कॅप्टन थेट आणले, पगार डॉलरमध्ये आणि राहायला हॉटेल. त्यातल्या एकाला पावसाळ्यातल्या मुंबईची धावपट्टी कशी गाठायची ते उजव्या खुर्चीतून सांगताना काय वाटायचं, हे त्यांनी फक्त चेहऱ्याने दाखवलं.

एवढं ऐकल्यावर हा माणूस ज्येष्ठता यादीच मोडीत काढायला सांगणार, असं वाटत होतं. त्यांनी उलट बाजू घेतली. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. दोन्ही खुर्च्यांत स्त्रिया असलेलं देशातलं ते पहिलं प्रवासी उड्डाण. त्या काळात एखाद्या बाईला कॅप्टन करावं की नाही हे साहेबांच्या मर्जीवर सोडलं असतं तर किती वर्षं गेली असती, असं त्यांनी विचारलं. क्रमांकाला मर्जी लागत नाही. दुसरं कारण त्यांना जास्त महत्त्वाचं वाटत होतं. ढग खाली आले आहेत, मी निघणार नाही, हे म्हणण्याची ताकद कॅप्टनला यादीतून मिळते. नकार दिला म्हणून बढती अडणार असेल तर एक दिवस तो नकार देणार नाही. "यादी वाईट नाही. पण ती कंपनीच्या वहीत असते, तुमच्या खिशात नाही. कंपनीच्या दाराबाहेर त्या क्रमांकाला कोणी चहा पाजत नाही."

दोन याद्या एकत्र आल्या की काय होतं, याचं उदाहरण सरकारनेच दिलं. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. विमानांवरचा रंग बदलला. याद्या एकमेकींकडे पाठ करून उभ्याच राहिल्या. एका कंपनीत लहान विमानं, दुसरीत मोठी. कमांड मिळण्याची वर्षं वेगळी, पगाराची घडण वेगळी, संघटनाही दोन. मग ज्येष्ठ कोण? २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले. हा गुंता सोडवायला नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप पुकारला. नव्या बोइंग ७८७ विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनाही देण्याला त्यांचा विरोध होता. तो संप ५८ दिवस चालला. ज्या विमानावरून भांडण झालं त्यातलं पहिलं विमान देशात आलं ते संप मिटल्यावर, सप्टेंबरमध्ये. "न आलेल्या विमानासाठी दोन महिने भांडलो आम्ही लोक," कॅप्टनसाहेब म्हणाले. आपण त्या कंपनीत नव्हतो, हे सांगायचं ते विसरले नाहीत; पण 'आम्ही' म्हणाले.

खासगी कंपन्यांचा इतिहास त्यांना तारखांनिशी पाठ होता. किंगफिशरचं पहिलं उड्डाण मे २००५ मध्ये, ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळं बंद. शेवटचे कित्येक महिने लोकांनी पगाराविना काम केलं. जेट एअरवेज ५ मे १९९३ ला सुरू झाली. २००९ मध्ये तिथल्या वैमानिकांनी संघटना काढली, पुढाकार घेणाऱ्या दोघांना कामावरून कमी केलं, म्हणून सप्टेंबरमध्ये शेकडो जण एकदम आजारी पडले. दहा वर्षांनी, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री, अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे तिचं शेवटचं. त्याआधीच काही महिन्यांचे पगार थकले होते. पंचवीस वर्षं चढत आलेले कॅप्टन सकाळी उठले ते क्रमांकाशिवाय. ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली त्यातल्या अनेकांनी ती कमी पगारावर घेतली आणि नव्या यादीच्या तळाशी नाव लिहून घेतलं. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तेच पुन्हा घडलं.

दुसरी चिठ्ठी आली. तीही पेल्याखाली गेली.

बुडणाऱ्या कंपन्यांचं सोडा, वाढणाऱ्या कंपनीतही कागद वाचावा लागतो, असं म्हणून ते २०२४ वर आले. एअर इंडियात विलीन होण्याआधी 'विस्तारा' या विमान कंपनीच्या वैमानिकांपुढे नवा वेतनकरार ठेवला गेला. आधी महिन्याला ७० तासांचे पैसे हमखास मिळत, उड्डाण कमी झालं तरी. नव्या करारात ही हमी ४० तासांवर आली. वरचे तास उडाल तर त्याचे पैसे. उडत राहणाऱ्या माणसाच्या हातात फार फरक पडणार नाही, असा हिशेब मांडता येतो. पण आजारी पडला, सिम्युलेटरची परीक्षा लांबली, विमान इंजिनाविना उभं राहिलं, की फरक कळतो. एप्रिलमध्ये विस्ताराची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली. त्या गोंधळात या नाराजीचा वाटा होता. "सत्तर आणि चाळीस. पत्रातले एवढे दोन आकडे ज्यांनी वाचले, त्यांना पुढचं वर्ष आधीच दिसलं."

वैमानिकांनाही त्यांनी सोडलं नाही. २०१७ पासून नियम आहे: कॅप्टनने नोकरी सोडताना एक वर्षाची सूचना द्यायची, सहवैमानिकाने सहा महिन्यांची. इतकी लांब सूचना म्हणजे वेठबिगारी, हे त्यांचं मत. तरी २०२३ मध्ये ४३ वैमानिक सूचना न पाळता निघून गेले म्हणून आकासा या नवख्या कंपनीला न्यायालयात जावं लागलं आणि उड्डाणं रद्द करावी लागली. दुसऱ्या कंपनीने वरचा क्रमांक दाखवला की इकडचे प्रवासी टर्मिनलवर ताटकळले तरी चालतात, असं मानणारे आपलेच लोक आहेत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग त्यांचा आवाज खाली आला. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान पावसात पुढे घसरून खाली कोसळलं. कॅप्टन दीपक साठे, त्यांचे सहवैमानिक आणि प्रवासी धरून २१ जण गेले. साठे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून निघालेले, हवाई दलात वैमानिकी केलेले. चौकशी अहवालाने उतरण्याच्या ठरलेल्या कार्यपद्धतीचं पालन न होणं हे संभाव्य कारण म्हटलं. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: त्या तळावर सहवैमानिक २६ आणि नेमलेला कॅप्टन एकच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाणही साठ्यांच्याच नावावर होतं. बातम्यांमध्ये पहिली गोष्ट आली. बढत्या कुठे अडतात, कोणत्या तळावर किती कॅप्टन असतात, हा कार्मिक विभागाचा कंटाळवाणा विषय म्हणून कोणी वाचत नाही, असं सांगून ते थोडा वेळ थांबले.

पगार आणि विश्रांती हेही तसेच कोणी न वाचणारे विषय. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. सहवैमानिक तरुणीचा पगार इतका तुटपुंजा होता की ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहत होती आणि रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. त्या अपघातानंतर तिथे सहवैमानिकालाही १५०० तासांची अट आली आणि विश्रांतीचे नियम कडक झाले. आपल्याकडे आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची उतरणं सहावरून दोनवर आणणारे नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले. पूर्ण लागू व्हायला १ नोव्हेंबर २०२५ उजाडलं, तेही प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर. महिन्याभरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची घडी विस्कटली. ५ डिसेंबरला एका दिवसात इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली, आणि सरकारने कंपनीला काही काळ सवलत दिली. २००६ मध्ये उड्डाणं सुरू करून देशातले निम्म्याहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या कंपनीला आठवड्यातले बारा तास जड गेले. याला वाढ म्हणायचं असेल तर ती कोणाच्या झोपेवर झाली तेही म्हणा, असं ते म्हणाले. समोरच्या रांगेतल्या विश्वस्तांनी घड्याळ पाहिलं.

तिसऱ्या चिठ्ठीनंतर पाहुणे अखेर मुलांकडे वळले, आणि त्यातही मागे बसलेल्या पालकांकडे जास्त. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावं त्यांनी मुद्दाम घेतली. एक्सप्रेसवे झाल्यापासून इथल्या गुंठ्याला भाव आला आहे आणि मुलाच्या कोर्ससाठी चार गुंठे काढणं सोपं झालं आहे. बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही उड्डाण शिकायला गेलं तरी व्यावसायिक परवान्याला पन्नास लाखांच्या आसपास लागतात. विशिष्ट विमानाच्या टाइप रेटिंगचे पैसे वेगळे, आणि कंपन्यांच्या कॅडेट योजना कोटीच्या पुढे जातात. नोकरी लागेपर्यंत परवाना चालू ठेवण्याचा खर्च आणखी वेगळा. दर वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी एक शेरा मारला की सगळं तिथेच थांबतं. "जमीन एकदाच विकता येते. विकण्याआधी त्या कंपनीच्या माणसाला समोर बसवून विचारा: वाढ थांबली तर माझ्या मुलाचं काय? तो हसेल. हसला तरी उत्तर घेतल्याशिवाय उठू नका."

विमान चालवू नका, असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. एका मुलीने खालून विचारलं की पुन्हा संधी मिळाली तर हाच पेशा निवडाल का. ते म्हणाले, उद्या सकाळी, पण उजव्या खुर्चीत दोन वर्षं कमी.

समारोप लांबला नाही. ज्यांना विमानात जायचं नाही त्यांनाही हे लागू आहे, असं त्यांनी बजावलं. तळेगावच्या कारखान्यात जा, हिंजवडीत जा, वाढणाऱ्या कंपनीचं पत्र सगळीकडे सारखंच गोड असतं. "ते पत्र इथे कॅम्पसवर सही करून देऊ नका. घरी न्या. हमीचे पैसे किती, बॉण्ड किती वर्षांचा, सोडताना सूचना किती महिन्यांची, बढती कोणत्या यादीवरून आणि कंपनी विकली गेली तर त्या यादीचं काय होणार, हे पाच मुद्दे लाल शाईने अधोरेखित करा. जे लिहिलेलं नाही ते लिहून मागा. आणि दहा-पंधरा वर्षांनी तुमच्यातलं कोणी अशी पत्रं लिहायच्या खुर्चीत बसलं, तर वाढ थांबल्यावर माणसांचं काय करणार, तो परिच्छेद पहिल्या पानावर घाला."